वाकळेचा घास

शालनने सुई पुढं केली आणि मी दोरा ओवला. आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते. त्यानंतर जे झालं ते साधं नव्हतं.

तिला जवळचं दिसायचं नाही. मला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बरं दिसतं. म्हणून शिवायचं तिनं आणि ओवायचं मी, अशी वाटणी. सारखी हाक यायची, "अहो, दोरा सरला." टीव्हीवरच्या बातम्या सोडून उठावं लागायचं. त्या दिवशी कंटाळा आला होता, म्हणून हातभर घ्यायचा तो दोरा दोन्ही हात पसरून चांगला वावभर घेतला. लाल दोरा.

ती बघतच राहिली. "हा काय पतंगाचा मांजा आहे? लांब दोऱ्याला गाठी पडतात."

"पडू दे. तेवढ्याच तुझ्या हाका कमी."

"हाकेला आलात तर पाय झिजतात काय तुमचे?"

एवढं बोलून तिनं दोन-चार टाके घातले, सुई कापडात खुपसून ठेवली आणि म्हणाली, "जरा आडवी होते. पोट गच्च झालंय." संध्याकाळी ॲम्ब्युलन्स आली.

आता मी कोण ते सांगतो. मूळचा बार्शीचा. शाळा सातवी, तीही नापास. नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर नोकरी केली. पंपहाऊसची भिंत स्मशानाला लागून. उभी हयात तिथं गेली, कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. लोक म्हणायचे इथं हे आहे, तिथं ते आहे. मी म्हणायचो, आहे ना, डास आहेत. अंगात येणं, लिंबू उतरवणं, असल्या गोष्टींवर मी लोकांना तोंडावर शिव्या दिल्यात. म्हणून पुढचं लिहायला मला लाज वाटत होती. सून प्रिया म्हणाली, अण्णा, या ग्रुपवर लोक असले अनुभव लिहितात, कुणी हसत नाही. मी कागदावर लिहिलं, तिनं टाइप केलं. शुद्धलेखन तिचं, बाकी माझं.

आम्ही मुलाकडे आलो होतो, मेलबर्नला, पॉइंट कुकला. सहा महिन्यांसाठी म्हणून आलो आणि बॉर्डर बंद झाल्या. अडकलो. नितीन, आमचा मुलगा, कॉम्प्युटरवाला. त्याला विमानांचं वेड. छोटं विमान चालवायचं लायसन्स काढलंय त्यानं, क्लबकडून विमान भाड्यानं घेतो. त्या वर्षी तो आम्हाला विमानांच्या जत्रेला नेणार होता. देशभरातून लोक आपापली छोटी विमानं घेऊन एका माळावर उतरतात आणि पंखाखाली तंबू ठोकून राहतात. शालन इतकी हरखली होती... बार्शीच्या बाईला विमानाखाली झोपायचं होतं! नितीन म्हणाला, "आई, तिथं थंडी मरणाची. मी स्लीपिंग बॅग आणतो तुमच्यासाठी."

तिनं ती बॅग बघितली. चेन गळ्यापर्यंत. "यात मी नाही शिरणार बाबा. प्रेत बांधल्यागत वाटतंय. मी वाकळ शिवते."

तुम्ही गोधडी म्हणता, आम्ही वाकळ म्हणतो. लॉकडाऊन लागला, जत्रा रद्द झाली, पण तिची वाकळ चालू राहिली. तिची दोन जुनी लुगडी, माझं धोतर, आणि नितीनचे ऑफिसचे शर्ट. तो म्हणाला, घे सगळे, आता कोण जातंय ऑफिसला! दुपारी मी वाकळेच्या एका टोकाखाली झोपायचो आणि दुसऱ्या टोकाला बसून ती शिवायची. टाका ओढला की माझ्या पायावर जरासा हिसका बसायचा. त्या हिसक्यांवर झोप लागायची मला. आणि दोरा दातानं तोडायची. कट् करून आवाज. कात्री दिली तरी दातानंच.

आता एक रीत सांगतो, कारण तिच्यावर सगळं आहे. आमच्या गल्लीतल्या बायका वाकळ पुरी करताना चौथा कोपरा उघडा ठेवतात. त्यात भाकरीचा तुकडा घालतात आणि मग कोपरा शिवतात. वाकळेला घास देणं म्हणतात त्याला. उपाशी वाकळ पांघरली की ऊब देत नाही म्हणे. आणि तो घास असा कुणीही द्यायचा नाही. जिनं शिवली तिनंच द्यायचा. एका भाकरीतला अर्धा घास आधी आपण खायचा, उरलेला वाकळेला. स्वतः न जेवता दिलेला घास चालत नाही. मी या रीतीची पण टिंगल करायचो. म्हणायचो, वाकळ जेवली, आता हात धुवायला पाणी द्या तिला.

तर शालन गेली तेव्हा वाकळेचे तीन कोपरे झाले होते. चौथा उघडा. त्यात ती सुई, आणि सुईला माझा लांबलचक लाल दोरा.

हॉस्पिटलात कुणाला आत सोडत नव्हते. रोगाचे दिवस, नियम सगळ्यांना सारखा. तिला तो रोग नव्हता, पण नियम नियमच. फोनवर बोलली. म्हणाली, "पोट लई गच्च आहे हो. इथं पाव देतात. ओव्याची चिमूट मिळाली असती तर बरं झालं असतं." मी म्हणलं, थांब. इंडियन दुकानातलं ज्वारीचं पीठ होतं घरात. जन्मात पहिल्यांदा मी भाकरी थापली. दोनच. पिठात ओवा घातला, चांगला मूठभर.

प्रिया म्हणाली, "अण्णा, भाकरीत ओवा?"

"तिच्या पोटासाठी आहे. तू खाऊ नको."

एक भाकरी कडेला करपली. दोन्ही डब्यात घातल्या. नितीननं डब्यावर नाव लिहून गेटवर दिल्या. मास्कवाल्या बाईनं घेतल्या, मान हलवली. पहाटे फोन आला. पोट नव्हतंच ते. हृदय होतं.

तिच्या वस्तू पिशवीतून आल्या. चष्मा, मंगळसूत्र, साडी, आणि डबा. डबा रिकामा. घासून धुतलेला.

मी त्या डब्याकडे बघत बसलो. शालननं कधी कुणाचं भांडं रिकामं परत पाठवलं नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं द्यायची नाही. मग हा कुणी धुतला? तिनं खाल्ल्या भाकऱ्या, की कुणी टाकून दिल्या? नितीनला म्हणलं, विचार. त्यानं फोन केला. त्यांनी नीट बोलून सांगितलं, त्या वेळची नर्स कोण होती ते बघावं लागेल, पण आई शेवटी कम्फर्टेबल होत्या.

मी म्हणलं, "कम्फर्टेबल म्हणजे काय? जेवली का ती?"

नितीननं फोन खिशात घातला.

लोकांना वाटतं माणूस गेल्यावर मोठमोठे प्रश्न पडतात. मला एकच पडला. जेवली का? सकाळी उठलो की तोच, झोपताना तोच. घरात भाकरी झाली की मी ताटावरून उठायचो. क्रियाकर्म मोजक्या माणसांत झालं, बार्शीचे सगळे मोबाइलवर. ते सगळं मी केलं, पण डोक्यात डबा.

पुढल्या वर्षी मोकळीक झाली तेव्हा ती जत्रा भरली. नितीन म्हणाला, "अण्णा, आपण जाऊ."

"मला काय करायचंय विमानं बघून?"

"आईनं वाकळ त्यासाठीच शिवली ना?"

मी उठून वाकळेची घडी घातली.

छोट्या विमानात बसायच्या आधी वजन करतात. माणसांचं, सामानाचं, सगळ्याचं. नितीननं वाकळ काट्यावर ठेवली आणि कपाळाला हात लावला. "अण्णा, ही फार जड आहे. स्लीपिंग बॅग घेऊ या. आणि सुई तरी काढा त्यातली, टोचेल."

"सुई राहील. आणि ती नसली तर मी पण नाही. मला उतरव, तिला ने."

शेवटी त्यानं खुर्च्या आणि शेगडी घरी ठेवली. आम्ही तिघं गेलो म्हणा ना.

विमान म्हणजे रिक्षाला पंख. दार रिक्षाहून पातळ. मेलबर्नपासून वर गव्हाच्या मुलखात एक छोटी धावपट्टी आहे. गावाचं नाव देत नाही, लोकांना उगीच त्रास नको. एका बाजूला धान्याची उंच कोठारं, दुसरीकडं निलगिरीची रांग, मध्ये कापलेल्या गव्हाचं रान. त्या रानात विमानंच विमानं. पिवळी, लाल, दोन मजली पंखांची... म्हशींच्या बाजारात दावणीला बांधल्यासारखी दोरांनी खुंट्यांना बांधलेली. आमचं कुंपणाच्या कडेच्या रांगेत. पंखाखाली तंबू. गेटवर मोबाइलवरचा कोड दाखवायचा, हाताला ते औषध लावायचं, मग आत.

खोटं कशाला सांगू, पहिल्या दिवशी मी वैतागलो. माश्या नाकात जातात. पाण्याचा नळ लांब. प्लॅस्टिकच्या संडासापुढं रांग आणि रांगेत लांब लांब उभं राहायचं, म्हणजे रांग आणखीच लांब. खायला पाव आणि सॉसेज. पहाटे तंबूच्या आतून दव ठिबकतं. पण संध्याकाळी ऊन तिरपं झालं आणि सगळ्या विमानांचे पंख एकदम सोनेरी झाले तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अगं बघ." शेजारी कुणी नव्हतं.

शेजारच्या विमानाचा मालक केव्हिन. मेंढ्या पाळतो. माझ्याच वयाचा, विमान त्याच्याहून म्हातारं. सकाळी त्यानं चहाचा मग आणून दिला आणि वाकळेवरून हात फिरवला.

"हू मेड दिस, मेट?"

"माय वाइफ."

"शी कमिंग?"

"नो."

तो हसला. "माइन नेव्हर कम्स आयदर! हेट्स प्लेन्स. होम विथ द डॉग." मग माझं तोंड बघितलं आणि हसू थांबलं. टोपी काढून हातात घेतली. "सॉरी, मेट." जाताना बिस्किटांचा पुडाच ठेवून गेला.

त्याच सकाळी नितीनला विमानाची किल्ली ठेवायला जागा मिळेना, कारण त्याच्या पायजम्याला खिसा नव्हता. त्यानं वाकळेच्या उघड्या कोपऱ्यात किल्ली सरकवली आणि म्हणाला, "बघा अण्णा, आईनं पायलटसाठी खिसा ठेवलाय." मी म्हणलं, "सुई सांभाळ." त्यानं सुई बघितली, दोरा बाजूला केला. हे लक्षात ठेवा. कोपरा उघडा होता. त्यानं बघितला, मी बघितला.

दुपारी कसरती होत्या. विमानं वर जातात, उलटी होतात, धूर सोडत खाली येतात. नितीन जवळून बघायला गेला, केव्हिनही गेला. सगळी रांग मोकळी. मी थोडं बघितलं, मान दुखायला लागली म्हणून तंबूत येऊन पडलो. ऊन होतं, तरी वाकळ अंगावर घेतली. सवय. चष्मा काढून डबीत ठेवला. वर इंजिनांचा गोंगाट एवढा की जमीन थरथरत होती.

झोप लागली की नाही सांगता येत नाही. अर्धवट असताना पायावर हिसका बसला. हलका. मग परत. मग परत. मी घाबरलो नाही, कारण मला काही वेगळं वाटलंच नाही. इतके महिने ज्या हिसक्यावर झोपलो तोच हिसका. मी डोळे मिटूनच म्हणलं, "हळू ओढ गं." तेव्हा हिसके हळू झाले.

तेवढ्यात वरचं विमान लांब गेलं असेल, किंवा इंजिन बंद करून कसरत करत असेल, कारण एकदम सगळं शांत झालं. माशीसुद्धा नाही. आणि त्या शांततेत माझ्या पायाशी आवाज आला —

कट्.

मी ताडकन उठलो. तंबूत कुणी नव्हतं. चेन लावलेली, आतून. मला उठून बाहेर जाववेना. मी तसाच बसलो. वाकळेकडं बघायची हिंमत झाली नाही. पंपहाऊसवर उभी हयात काढलेला माणूस मी, पण मांडीवरची वाकळ बघवेना.

ऊन उतरल्यावर नितीन आला. "अण्णा, जेवलात का काही? बरं, किल्ली द्या. विमानाला कव्हर घालतो, दव पडेल."

"तूच ठेवलीस. घे तिथनं."

त्यानं कोपरा चाचपला. परत चाचपला. दुसरा कोपरा बघितला, तिसरा. मग परत तोच. "अण्णा..." आवाज बदलला त्याचा. "हा शिवला कुणी?"

मी चष्म्यासाठी हात घातला. चष्म्याच्या डबीवर किल्ली होती. नीट आडवी ठेवलेली.

चौथा कोपरा बंद होता. लाल दोऱ्यानं. मुंगीच्या ओळीसारखे बारीक टाके, शेवटाला जरा तिरके होत गेलेले. तिला शेवटाकडं नीट दिसायचं नाही, म्हणून तिचे टाके नेहमीच तिकडं तिरके जायचे. सुई शेजारी खुपसलेली. रिकामी. एवढा वावभर दोरा, सगळा सरला होता.

नितीन म्हणाला, "तुम्ही शिवलं?"

"मी ओवणारा. शिवलंय का कधी? शर्टाचं बटण मला लावता येत नाही."

त्यानं कोपरा दाबला. आत काहीतरी होतं. कडक, चपटं. दाबल्यावर चुरचुरलं. त्यानं मला दिलं. मी नाकाला लावलं.

ओवा.

एवढ्या महिन्यांनंतर, कापडाच्या आतून, ओवा. आणि थोडा करपल्याचा वास. मी तो वास कसा विसरेन? माझ्याच हातानं करपली होती ती. दोनच भाकऱ्या होत्या. दोन्ही गेटवर दिल्या होत्या. वाकळ हॉस्पिटलात कधी गेली नव्हती, घरच्या सोफ्यावर होती.

"उसवून बघू का?" नितीन म्हणाला.

"हात लावशील तर बघ."

आम्ही दोघं तसेच बसलो. बाहेर लोक हसत होते, कुणाच्या तरी शेगडीवर कांदा भाजत होता. पोरगा माझा मोठा, डोक्याचे केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. त्यानं वाकळ तोंडाशी धरली आणि वास घेतला. मग बोलला, अगदी लहान असताना बोलायचा तसा.

"अण्णा, आधी स्वतः खायचं असतं ना? मग वाकळेला?"

"हां."

"म्हणजे आई जेवली होती."

तोपर्यंत मला वाटत होतं हा प्रश्न माझ्या एकट्याच्या डोक्यात आहे. डबा गेटवर त्यानं दिला होता... त्यालाही तोच होता.

मग रडलो आम्ही. तिच्या मातीला नीट रडता आलं नव्हतं, माणसं मोजून, लांब लांब उभं राहून. तिथं रडलो, विमानाच्या पंखाखाली. केव्हिन येऊन बघून गेला. दोन मग चहा ठेवून गेला.

नंतर खूप जणांना विचारलं. प्रियाची एक मैत्रीण म्हणाली, दुःखात माणूस झोपेत कामं करतो आणि नंतर आठवत नाही. करत असेल. पण ओव्याची भाकरी मी झोपेत कुठनं आणणार? बार्शीच्या मेव्हण्याला सांगितलं तर म्हणाला, दाजी, भटजी बोलवून शांत करून घ्या. मी म्हणलं, काय शांत करू? ती तर जेवून गेली. कुणी म्हणतं कोपरा आधीच शिवलेला असेल, तुम्ही नीट बघितलं नसेल. मग किल्ली आत कशी गेली आणि बाहेर कशी आली? मला माहीत नाही. नितीनला माहीत नाही. मी अजूनही देवाधर्माचा माणूस झालेलो नाही. लिंबू-मिरची दारात बांधली तर अजून शिवी देईन. पण हे झालं ते झालं. कोपरा अजून बंद आहे, आम्ही उसवलेला नाही, आणि त्या वाकळेखाली मला थंडी वाजत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला निघायचं होतं. नितीन विमानाचे दोर सोडत होता, केव्हिन त्याला हात देत होता. दव पडून रान ओलं झालेलं, पूर्वेला ऊन येत होतं. वाकळ गुंडाळायच्या आधी मी तंबूच्या दारात उजेडाला बसलो. लाल दोऱ्याचं रीळ तिच्यामागं मी स्वेटरच्या खिशातच ठेवतो. ते काढलं. रिकामी सुई काढली. उजेडाकडं धरली आणि दोरा ओवला. आता कोपरे सगळे झालेत, शिवायचं काही उरलेलं नाही, हे मला कळतं. तरी ओवला, आणि सुई परत कापडात तिच्या जागी खुपसून ठेवली.

दोरा या वेळी आखूड घेतला. लवकर सरेल असा.